जिभेवरची तुळस

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने "तुम्ही काय करता?" असं विचारलं की माझी बहीण लांबून डोळे वटारते. कारण मी खरं सांगते. "आम्ही हाताच्या कातडीची जीभ करायचो," असं मी म्हणते, आणि समोरच्याचा घास हातातच राहतो. एकदा एका गृहस्थांनी जिलेबी पानात ठेवून सरळ हात धुतले. त्यांचं वाईट वाटलं, पण मी तरी काय करू? तेहेतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची अठरा वसईच्या एका हॉस्पिटलात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांना उभी राहिले, आणि हा विषय निघाला की मला आजही गप्प बसवत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले. विरारच्या फ्लॅटमध्ये आता कुंड्यांना पाणी घालते, आणि घालता घालता मनात कुणाचा तरी जबडा उघडते.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं अडणार नाही. तोंडात गाठ किंवा बरी न होणारी जखम असली की सर्जन ती कडेच्या चांगल्या मांसासकट कापून काढतो. मानेतल्या गाठीही काढतो, कारण हा रोग तोंडातून पहिला मानेत उतरतो. इथवर लोकांना कळतं. पण कापल्यावर जी पोकळी राहते तिचं काय? अर्धी जीभ गेली तर माणूस गिळणार कसा, बोलणार कसा? मग शरीरातूनच दुसरीकडचा तुकडा आणायचा. गाल गेला तर छातीची कातडी, जबडा गेला तर नडगीशेजारचं बारीक हाड आणि जीभ गेली तर मनगटाच्या वरची, हाताच्या आतल्या बाजूची कातडी. ती पातळ असते, मऊ असते, आणि तिच्याबरोबर रक्त नेणारी आणि परत आणणारी अशा दोन नळ्या येतात. त्या मानेतल्या नळ्यांना दुर्बिणीखाली जोडायच्या. केसापेक्षा बारीक दोरा, आणि डोळ्याला नीट न दिसणारी सुई. ती सुई खाली पडली तर आम्ही चौघंजण फरशीवर लोहचुंबक फिरवत बसायचो.

या आणलेल्या तुकड्याला पुस्तकात फ्लॅप म्हणतात. आमचे सर्जन डॉ. सामंत त्याला 'नवी सून' म्हणायचे. परक्या घरी आली आहे, पहिले पाच दिवस सांभाळा, एकदा रुळली की तीच घर चालवते, असं त्यांचं म्हणणं. राउंडला आले की पहिला प्रश्न, "सून काय म्हणते?" पेशंटचे नातेवाईक चक्रावून एकमेकांकडे बघायचे.

आणि पेशंट तरी काय एकेक! तंबाखू खाता का, असं विचारलं तर आजवर कुणी सरळ हो म्हटलेलं आठवत नाही. एक नीटनेटके इस्त्रीवाले साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "कधीच नाही." त्याच हाताखाली खिशात पुडी होती. मी ती काढून दाखवली तर म्हणाले, "तो मावा आहे." घशातली स्वरपेटी काढलेले एक मास्तर होते. गळ्यातल्या भोकावर अंगठा दाबून जाड, घोगऱ्या आवाजात बोलायचे. कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुली त्यांचा एक 'हॅलो' ऐकून फोन ठेवतात, हा कॅन्सरचा एकमेव फायदा, असं ते सगळ्या वॉर्डाला सांगत. आणि निर्मळ गावचा तो फुलांच्या बागेवाला! त्याच्या गालाच्या आत छातीची कातडी लावली होती. काही महिन्यांनी आला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सिस्टर, मला आतून दाढी आलीय." खरंच आली होती. छातीवरचे केस नव्या घरी येऊनही वाढायचे थांबले नव्हते. डॉक्टरांनी बारीक कात्रीने ते कापले, तेव्हा हा विचारतो, "आता हे दर रविवारी करायचं का?"

पण ज्या बाईसाठी मी हे लिहायला बसले ती चांदीप गावची मथुराबाई.

मथुराबाई साठीची, भातशेतीवाल्या घरातली, उंच, काटक. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ पारूबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन एकाच घरात आलेल्या आणि तेव्हापासून एकमेकींना सोडून कुठे न गेलेल्या. मथुराबाईच्या जिभेच्या डाव्या कडेला तीन महिने एक जखम होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "तंबाखू?"

"नाय बाय. मी तंबाखूला हात नाय लावत."

"मिश्री?"

"ती लावते. दिवसातून चार येला. ती तं दात साफ करायला."

भाजून काळी केलेली तंबाखूच ती. पण तव्यावर भाजली की ती तंबाखू राहत नाही, औषध होते, असा आमच्याकडच्या सगळ्या बायकांचा ठाम विश्वास. मी तो अठरा वर्षं खोडत आले आणि एकीलाही पटवू शकले नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशन समजावलं. जवळजवळ अर्धी जीभ जाईल, हाताच्या कातडीने नवी करू, बोलणं येईल पण पहिल्यासारखं नाही. मथुराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "धवला लावता येल का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. ते मुंबईचे, त्यांना कुठून माहीत असणार. खाडीकाठच्या आणि पूर्वेच्या गावांत लग्नाचे विधी गाण्यांनी चालतात. हळद, मांडव, देवाला आमंत्रण, सगळं. ही गाणी म्हणजे धवला, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. तिने एक ओळ म्हणायची आणि मागच्या बायकांनी ती उचलायची. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तिच्या तोंडात. मथुराबाई पाच-सहा गावांची धवलारीण होती. हजारभर लग्नं तिने लावली असतील असं पारूबाईच म्हणाली. आणि आता घरातच नातीचं लग्न ठरलं होतं.

"नातीचा धवला दुसरी कोन लावेल?" मथुराबाई म्हणाली. "मी जिती असताना?"

डॉ. सामंत खोटं बोलणारे नव्हते. "गळा तुमचा तसाच राहील. शब्द जड येतील. मेहनत तुम्हाला करावी लागेल," ते म्हणाले. मग त्यांनी तिचा डावा हात हातात घेऊन उलटा केला, आणि तिथेच सगळं अडलं.

हाताच्या आतल्या बाजूला, नेमकी जिथली कातडी घ्यायची तिथे, गोंदण होतं. तुळशीचं छोटं रोप आणि त्याखाली ओळीने पाच ठिपके. हिरवट निळे, जुने, पण स्पष्ट. मथुराबाईने हात झटकन मागे घेतला.

"गोंदन नाय कापायचं."

तिचं म्हणणं साधं होतं. मेल्यावर अंगावरचं सोनं पोरं काढून घेतात, लुगडंही जळून जातं, बरोबर येतं ते फक्त गोंदण. ते कापून दिलं तर वर काय घेऊन जायचं? डॉक्टरांनी पर्याय सांगितले. उजवा हात कामाचा, आणि त्यावर तर नवऱ्याचं नाव गोंदलेलं. मांडीची कातडी जाड, जीभ बोजड होईल, मग बोलणं आणखी कठीण. ती ऐकेना. शेवटी पारूबाईने पदर सरकवून आपला डावा हात पुढे केला. तिच्याही हातावर तीच तुळस, तेच पाच ठिपके. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकाच गोंदणारणीकडून, एकाच ओट्यावर बसून दोघींनी गोंदून घेतलेलं.

"बाय, हातावरून तोंडात गेली तरी अंगावरच हाय ना?" पारूबाई म्हणाली. "बाहेर थोडीच टाकतान?"

मथुराबाईने जरा विचार केला आणि हात परत पुढे केला.

श्रावणात ऑपरेशन झालं. सकाळी आठला सुरू, एक टोळी तोंडाशी, एक टोळी हाताशी. दुपारी दोनच्या सुमाराला तो तळहाताहून लहान तुकडा हातापासून सुटा झाला, पांढराफटक, आणि त्यावर ती तुळस. जिभेला शिवला, मानेतल्या नळ्या जोडल्या, आणि डॉक्टरांनी नळ्यांवरचा चिमटा सोडला. हा क्षण मी शेकडो वेळा पाहिला असेल आणि दर वेळी माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. एक सेकंद काही होत नाही. मग त्या मेलेल्या दिसणाऱ्या कातडीच्या एका कडेने गुलाबी रंग चढायला लागतो आणि बघता बघता पूर्ण तुकडा जिवंत होतो. मथुराबाईच्या तोंडात तुळस उगवली होती. भूलतज्ज्ञ मॅडमसुद्धा मशीन सोडून बघायला आल्या.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

सुनेला सांभाळायचं म्हणजे दर तासाला टॉर्च मारून रंग बघायचा. गुलाबी तर ठीक. पांढरी पडली तर रक्त पोचत नाही. निळी पडली तर रक्त येतंय पण परत जात नाही, आत तुंबतंय, आणि काही तासांत तुकडा सडणार. थिएटरबरोबर आयसीयूची इनचार्जही मीच. निळ्या गोंदणाने नवीन मुली घाबरतील, उगाच धावाधाव होईल, म्हणून मी चार्टवर लाल पेनने लिहिलं, 'फ्लॅपवर निळसर रंग आहे, तो गोंदणाचा. दुर्लक्ष करावे.' खाली सही केली. आपल्या हुशारीवर खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलली. नवीन सिस्टरने टॉर्च मारला, निळं दिसलं, तिने चार्ट वाचला, बरोबरची खूण केली. पुढच्या तासाला पुन्हा तेच. मथुराबाईच्या गळ्यात श्वासाची नळी, तिला बोलता येत नव्हतं. ती दुपारपासून तोंडाकडे बोट दाखवत होती. आम्ही समजलो तिला पाणी हवंय. मी स्वतः ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवला आणि म्हटलं, "थोडं सोसा हं." ते आठवलं की आजही मला माझा राग येतो.

चार वाजता भेटायची वेळ. पारूबाई आली. तिने जाऊच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सिश्टर, तुलस दाखवा ना." मी हौसेने टॉर्च मारला. पारूबाई वाकून बघत राहिली. मग तिने आपला डावा हात मथुराबाईच्या गालाशी नेऊन धरला. एकदा हाताकडे बघितलं, एकदा तोंडात.

"ठिपके कुठे गेले?"

"आहेत की. ते निळं दिसतंय ना, तेच गोंदण," मी म्हटलं.

"निलं तं सगलंच हाय," ती म्हणाली. "माझे पाच मोजता येतान. हिचा एक पन येत नाय."

कातडी आजूबाजूने इतकी निळी झाली होती की गोंदण तिच्यात बुडून गेलं होतं. मी सुई घेतली आणि टोचली. लाल रक्त यायला हवं होतं. आलं ते जांभळासारखं काळं.

पुढचा पाऊण तास मी चालले नाही, धावले. डॉ. सामंत विरारच्या दवाखान्यात होते. फोनवर मी एवढंच म्हटलं, "सून निळी पडलीय," आणि त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. थिएटरमध्ये दुसऱ्या सर्जनचा हर्नियाचा पेशंट ट्रॉलीवर तयार होता. मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी एका शब्दाने न विचारता आपला पेशंट परत वॉर्डात पाठवला आणि स्वतः दुर्बीण ढकलत आणायला लागले. भूलतज्ज्ञ मॅडम पार्किंगमधून परत आल्या. पाचच्या आत मथुराबाई टेबलावर होती. डॉक्टर हात धुता धुता चार्ट बघत होते.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, हातमोजे घाला." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मान उघडली. परत जाणारी नळी एका जागी मुरडली होती आणि आत तांदळाच्या दाण्याएवढी रक्ताची गुठळी. ती काढली, आत औषधाचं पाणी सोडलं, मुरडलेला भाग कापून दुसऱ्या नळीला जोड दिला. नऊ टाके. मी सुई देत होते, डॉक्टर घालत होते. जीभ हातची गेली असती तर उरली असती छातीची जाड कातडी. त्या तोंडाने ती जेवली असती कशीबशी, पण धवला कायमचा गेला असता, आणि तोही माझ्या दोन ओळींनी. चिमटा सुटला. आम्ही सगळे तोंडात बघत उभे. निळा रंग एकदम जात नाही. तो हळूहळू उतरतो, कडेकडेने. मी टॉर्च धरला होता. आधी तुळशीचं पान दिसलं. मग एक ठिपका. मी मोठ्याने म्हटलं, "एक." मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. "दोन." हर्नियावाले सर्जन माझ्या खांद्यावरून वाकले. "तीन. चार." शेवटचा ठिपका टाक्यांच्या अगदी जवळ होता, तो यायला वेळ लागला. "पाच," असं आम्ही सगळे एकदम म्हणालो.

बाहेर पारूबाई बाकावर बसली होती. मला बघून उठली नाही, नुसतं विचारलं, "किती?"

"पाच."

तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. चार्ट, लाल पेन, दुर्लक्ष करावे, सगळं. हे मी सांगायला हवं होतं आणि सांगितल्याशिवाय घरी जाणं मला शक्य नव्हतं. पारूबाईने ऐकून घेतलं. थोडा वेळ तिने आपल्या हातावरच्या तुळशीवरून अंगठा फिरवला.

"मना वाचता येत नाय ना," ती म्हणाली. "म्हनून मी कागद नाय बघला, तोंड बघलं."

मी पुढे कितीतरी मुलींना शिकवलं, आणि त्यांना पारूबाईचं हे वाक्य शिकवलं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. गोंदण असो, तीळ असो, डाग असो, ऑपरेशनच्या आधी त्याचा फोटो काढून चार्टला लावायचा आणि दर तासाला ताडून बघायचं. 'दुर्लक्ष' हा शब्द मी परत कुठल्याही चार्टवर लिहिला नाही.

दहाव्या दिवशी गळ्यातली नळी निघाली. भोकावर पट्टी लावून डॉक्टर म्हणाले, "बोला मथुराबाई, काहीतरी बोला." सगळा स्टाफ भोवती जमला होता. तिने आवंढा गिळला, नवी जीभ दातांवरून फिरवून बघितली आणि जड, लाळेने भरलेल्या आवाजात पहिलं वाक्य बोलली.

"मेलेल्याच्या तोंडात तुलस ठेवतान. तुमी जित्याच्या ठेवली."

डॉक्टरांना ते कळायला दोन क्षण लागले. मग ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

पुढे सहा आठवडे शेक झाले. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. तोंड सोलून निघालं, लाळ आटली, बारा किलो वजन गेलं. नातीचं लग्न मार्गशीर्षातून वैशाखात ढकललं. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम तिला आरशासमोर बसवून 'ट ट ट, र र र' करायला लावत. ती ते गाण्याच्या चालीवर करायची. दर महिन्याला तपासणीला आली की डॉक्टरांनी मान चाचपण्याआधी माझ्यापुढे तोंड उघडायची आणि मी मोजायचे. मिश्रीचा डबा तिने आपणहून पारूबाईला उकिरड्यात टाकायला लावला. पारूबाईची मिश्री सुटायला मात्र माझी आणखी चार महिने हुज्जत झाली.

वैशाखात मला पत्रिका आली. चांदीपला मी दुपारी पोचले तर मांडवात हळदीची तयारी चालली होती, पाटाभोवती बायका जमल्या होत्या. मधे मथुराबाई, नवं हिरवं लुगडं, डाव्या हातावर गोंदणाच्या जागी मांडीच्या कातडीचं चौकोनी ठिगळ, हातात पाण्याची बाटली, कारण तिचं तोंड आता सारखं कोरडं पडतं. तिच्या शेजारी पारूबाई. सगळ्या मथुराबाईकडे बघत होत्या. खरं सांगते, मी घाबरले होते. दहातले दोन-तीन शब्द तिचे अजून कळत नाहीत. 'र' तर गेलाच आहे. मागच्या बायकांना ओळच कळली नाही तर त्या उचलणार काय?

मथुराबाईने गर्दीत मला शोधलं. सगळ्यांना थांबवून ती मांडव ओलांडून माझ्यापर्यंत आली, आणि भरल्या मांडवात, नवरीच्या आणि पाहुण्यांच्या समोर, तिने तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

"मोजा," ती म्हणाली.

माझ्याकडे टॉर्च नव्हता. वैशाखातलं ऊन होतं, ते पुरलं. मी मोजले, एकेक करून, मोठ्याने. पारूबाईने तिकडे उभ्या उभ्या आपला हात वर धरला होता.

"पाच," मी म्हटलं.

"मंग लावते."

ती परत गेली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि तिने धवल्याची पहिली ओळ म्हटली. शब्द जड होते, दोन तर पुरते विरघळून गेले, पण गळा तोच होता. मागच्या बायकांनी पारूबाईकडे बघितलं. मग पारूबाईने ओळ उचलली, आणि तिच्यामागून सगळ्या मांडवाने.